कन्सोलपासून डबीपर्यंत : एका ध्वनियंत्र कंपनीची वाटचाल

कोपरगावात ‘स्टुडिओ’ म्हटले की अजूनही अनेकांना फोटो काढण्याचे दुकान आठवते. मागे रंगवलेला पडदा, दोन बाजूंना दिवे, मधे एक स्टूल. गाण्याचा स्टुडिओ ही मुंबई-पुण्याची गोष्ट, अशीच माझ्या पिढीची समजूत होती. गेल्या दहा-बारा वर्षांत ती बदलली. मोबाइलच्या दुकानावरची माडी, भजनी मंडळातल्या पेटीवाल्याच्या घरातली मागची खोली, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचे माळवदाखालचे बिऱ्हाड, अशा ठिकाणी आता गाणी ध्वनिमुद्रित होतात. भिंतींना गोधड्या नाहीतर फोमचे तुकडे लावलेले असतात, टेबलावर लॅपटॉप असतो आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक लाल रंगाची धातूची डबी असते. आकाराने साधारण मुलांच्या कंपासपेटीएवढी, फार तर थोडी जाड.

या डबीवर ‘फोकसराइट’ असे नाव असते. तिच्याशिवाय संगणकात आवाज नीट जात नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ती कुठून आली, कोणी केली, आधी ती काय होती, हे कोणी विचारत नाही. मी विचारायला लागलो आणि जी माहिती जमली ती एका कंपनीच्या नफ्यातोट्यापेक्षा बरीच मोठी निघाली. गावातल्या माणसाला स्वतःचा आवाज टिकवून ठेवण्याचा हक्क कसा मिळाला आणि त्याची किंमत काय, हा प्रश्न त्या माहितीत दडलेला आहे. हा लेख त्यासाठी आहे.

यंत्र आधी प्रवासीच होते

ध्वनिमुद्रणाचे यंत्र भारतात आले तेच मुळी प्रवास करत. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग सामान घेऊन कलकत्त्याला उतरला आणि त्याने तिथल्या गायक-गायिकांचे आवाज मेणाच्या तबकड्यांवर घेतले. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, त्याबरोबर मायक्रोफोन आला, आवाज वाढवणारी यंत्रे आली, आणि यंत्राचा पसारा वाढत गेला. पसारा वाढला तसे यंत्र एका जागी बसले. त्याच्यासाठी खास खोली बांधावी लागली. गायकाने त्या खोलीपाशी जायचे, असा नियम झाला.

कोपरगावकराच्या दृष्टीने ही खोली फार लांब होती. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला, त्यामुळे गाव नकाशावर होते. शिर्डीला जाणारे भाविक कित्येक दशके कोपरगाव स्टेशनवर उतरून टांग्याने पुढे जात. साईनगर शिर्डी हे स्वतंत्र स्थानक २००९ साली झाले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे या स्टेशनवरून देशभरातली माणसे गेली, त्यांच्याबरोबर आरत्या आणि भजने गेली. पण ती गाणी तबकडीवर किंवा कॅसेटवर ऐकायची तर ती मुंबईत तयार होऊन इथे विकायला यायची. आमच्या लहानपणी शिर्डीच्या रस्त्यावरच्या दुकानांत कॅसेटींच्या भिंतीच्या भिंती असत. त्यांत आमच्या तालुक्यातल्या एखाद्या भजनी मंडळाची कॅसेट मला दिसली नाही. इथे गाणारे नव्हते असे नाही. पलीकडच्या गल्लीत रात्रभर जागर चालायचा.

इथे यंत्र होते ते मांडवातले. ‘मायकवाला’ हा गावातला मानाचा माणूस. १९४०पासून व्यवसायात असलेल्या दिल्लीच्या आहुजा कंपनीचा अॅम्प्लिफायर, झाडाला बांधलेले कर्णे आणि चौकोनी मायक्रोफोन ही त्याची दौलत. ही यंत्रे आवाज लांबवर पोचवत, साठवत नसत. सप्ताह संपला की कर्णे उतरायचे आणि आवाजही तिथेच संपायचा.

एका मिलिव्होल्टची गोष्ट

आता डबीच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण कंपनीचा इतिहास तिथूनच सुरू होतो. माणूस मायक्रोफोनसमोर गातो तेव्हा मायक्रोफोन जी वीज निर्माण करतो ती अगदी क्षीण असते, एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ती पुढच्या कुठल्याही यंत्राला उपयोगी पडायची तर साधारण हजार पटींनी वाढवावी लागते. हे काम करणाऱ्या भागाला प्रीअॅम्प्लिफायर म्हणतात, बोलीत नुसते ‘प्री’. इथे आवाजात जी खरखर मिसळते तीही पुढे वाढतच जाते आणि नंतर कोणत्याही उपायाने पूर्णपणे निघत नाही. दुधाला विरजण लावताना भांडे खराब असेल तर नंतर दही कितीही घुसळा, तसेच हे. म्हणून ध्वनियंत्रांच्या धंद्यात चांगला ‘प्री’ करणाऱ्या माणसाचे नाव आदराने घेतात.

असे सर्वांत मोठे नाव रूपर्ट नीव्ह यांचे. जन्म इंग्लंडमधला, १९२६चा, बालपण अर्जेंटिनात. तिथेच पोरवयात त्यांना रेडिओ दुरुस्त करायची गोडी लागली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या सिग्नल विभागात होते. युद्धानंतर त्यांनी एका जुन्या लष्करी रुग्णवाहिकेत सामान भरून भाषणे आणि गायनाचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा व्यवसाय केला. थोडक्यात, हाही मूळचा मायकवालाच. १९६१ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्या दीड दशकात तिथले मिक्सिंग कन्सोल जगभरच्या मोठ्या स्टुडिओंत जाऊन बसले. कन्सोल म्हणजे खोलीभर लांबीचे टेबल. त्यावर प्रत्येक मायक्रोफोनसाठी एक उभी पट्टी असते आणि त्या पट्टीत एक ‘प्री’, आवाजाचा पोत बदलणारी बटणे आणि एक सरकपट्टी. अशा चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस पट्ट्या शेजारी शेजारी. १९७५ साली नीव्ह त्या कंपनीतून बाहेर पडले.

१९८५ साली त्यांनी फोकसराइट काढली. निमित्त होते जॉर्ज मार्टिन यांच्या मागणीचे. मार्टिन म्हणजे बीटल्सच्या तबकड्यांचे निर्माते, योगायोगाने जन्म त्याच १९२६चा. त्यांच्या एअर स्टुडिओमधल्या नीव्ह कन्सोलला जोडण्यासाठी त्यांना आणखी काही पट्ट्या हव्या होत्या आणि त्या आधीच्यांहून सरस हव्या होत्या. नीव्ह यांनी त्या करून दिल्या. ‘आयएसए ११०’ हे त्या पट्टीचे नाव. ती इतकी चांगली निघाली की तिच्याच पट्ट्यांचा अख्खा कन्सोल करायचे ठरले. त्याचे नाव ‘फोर्टे’.

फोर्टे बनवणे फार खर्चाचे आणि वेळखाऊ ठरले. फक्त दोन तयार झाले, एक लंडनच्या मास्टर रॉक स्टुडिओत आणि दुसरा न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. तेवढ्यात कंपनी कर्जात बुडाली. जगातले उत्तम यंत्र केले आणि दोन गिऱ्हाइकांत दुकान बंद झाले, असा हा प्रकार.

पेटीत बसणारा मिक्सर

१९८९ साली फोकसराइटची मालमत्ता फिल डडरिज यांनी विकत घेतली. या माणसाची पार्श्वभूमी वेगळी होती. १९७०च्या सुमारास ते लेड झेपेलिन या बँडबरोबर ध्वनिव्यवस्था सांभाळत हिंडत होते. गाडीत सामान चढवणे, उतरवणे, रोज नव्या सभागृहात तारा जोडणे हे त्यांनी अंगमेहनतीने केले होते. १९७३ साली त्यांनी ग्रॅहम ब्लाइद यांच्याबरोबर साउंडक्राफ्ट ही कंपनी काढली, आणि तिचा पहिला मिक्सर प्रवासी पेटीतच बसवलेला होता. झाकण उघडायचे, कार्यक्रम करायचा, झाकण लावायचे. साउंडक्राफ्ट १९८८ साली अमेरिकेच्या हार्मन समूहाला विकली गेली आणि डडरिज मोकळे झाले.

नव्या मालकानेही आधी मोठा कन्सोल करून पाहिला. तोही नावाजला गेला आणि तोही मोजकाच विकला गेला. पण त्याबरोबर दुसरे एक काम चालू झाले. कन्सोलची एकच पट्टी कापून ती स्वतंत्र डब्यात बसवायची आणि सुटी विकायची. ज्याला चाळीस पट्ट्यांचे टेबल परवडत नाही त्याला एक पट्टी परवडते. आणि गायक एकच असेल तर पट्टीही एकच लागते. नव्वदच्या दशकात कंपनीने आधी उंची ‘रेड’ मालिका काढली, मग तिच्याहून स्वस्त ‘ग्रीन’, मग त्याहून स्वस्त ‘प्लॅटिनम’. दर पायरीला किंमत उतरत गेली आणि गिऱ्हाइकांची संख्या वाढत गेली.

माझ्या मते या कंपनीचे सगळे भाग्य या एका निर्णयात आहे. गहू पोत्याने विकणाऱ्याने पायली-शेराने विकायला बसावे तसे हे होते. ‘कन्सोल’वाल्यांच्या जगात ते कमीपणाचेही वाटले असेल. पण पोत्याची गिऱ्हाइके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि शेराची गिऱ्हाइके घरोघर.

संगणक आला

पट्टी सुटी झाली तरी आवाज साठवायचा कशावर, हा प्रश्न होताच. स्टुडिओत दोन इंची फितीची मोठी यंत्रे होती, ती घरात आणणे शक्य नव्हते. त्याचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी तयार होत होते. कॅलिफोर्नियात पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स हे दोन मित्र १९८४च्या सुमारास एका तालयंत्रासाठी नव्या आवाजांच्या चिप विकत होते. त्यातून डिजिडिझाइन ही कंपनी उभी राहिली. तिने १९८९ साली ‘साउंड टूल्स’ आणि १९९१ साली ‘प्रो टूल्स’ बाजारात आणले. फितीऐवजी संगणकाच्या डिस्कवर आवाज घ्यायचा आणि पडद्यावर पाहून कापायचा-जोडायचा. जर्मनीत हँबुर्गला १९८४ साली सुरू झालेली स्टाइनबर्ग ही कंपनी १९८९ साली ‘क्यूबेस’ घेऊन आली. १९९६ साली तिने अशी सोय केली की पूर्वी वेगळ्या यंत्रांनी होणारी एको-रिव्हर्बसारखी कामे संगणकाच्या आतच होऊ लागली. एकेक खोलीभर यंत्र एकेका प्रोग्रॅममध्ये शिरू लागले.

फक्त एक वस्तू संगणकात शिरू शकत नव्हती. मायक्रोफोनचा तो क्षीण मिलिव्होल्ट. तो वाढवायला खरीखुरी तार, खरेखुरे सर्किट लागतेच. त्यानंतर तो आकड्यांत बदलावा लागतो. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण म्हणजे एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजणे, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवणे. आजच्या डब्या २४ बिटवर चालतात, म्हणजे पायऱ्यांची संख्या एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर जाते. ‘प्री’ आणि हे मोजमाप एकत्र करणारी वस्तू म्हणजे ऑडिओ इंटरफेस. आपली लाल डबी ती हीच.

२००२ साली डिजिडिझाइन आणि फोकसराइट यांनी मिळून ‘एमबॉक्स’ काढला. प्रो टूल्सचा प्रोग्रॅम, दोन फोकसराइट ‘प्री’ आणि संगणकाला जोडायची यूएसबी तार, सगळे ५०० डॉलरच्या आत. २००४ साली फोकसराइटने नोव्हेशन ही कीबोर्ड आणि सिंथेसायझर करणारी ब्रिटिश कंपनी विकत घेतली. २००९ साली याच नोव्हेशनने बर्लिनच्या एबलटन कंपनीबरोबर ‘लाँचपॅड’ हा चौकोनी बटणांचा फलक आणला, आणि यंत्र करणारी कंपनी सॉफ्टवेअरच्या जगात पक्की शिरली. २०११ साली ‘स्कार्लेट’ मालिका आली. तिचा दोन खाचांचा प्रकार लाखोंनी खपला. २०१४च्या डिसेंबरात कंपनी लंडनच्या शेअर बाजाराच्या एआयएम विभागात दाखल झाली. २०१९ साली तिने अॅडम ऑडिओ ही बर्लिनची स्पीकर कंपनी आणि मोठ्या कार्यक्रमांचे स्पीकर करणारी मार्टिन ऑडिओ घेतली. २०२१ साली डेव्ह स्मिथ यांची सिक्वेन्शियल घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ साली जी ‘मिडी’ भाषा ठरली, तिच्या जनकांपैकी स्मिथ हे एक.

टाळेबंदीच्या काळात जगभर माणसे घरात अडकली आणि घरात बसून गाऊ-बोलू लागली. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत समूहाची वार्षिक विक्री दुपटीवर गेली. तिच्यात नव्याने घेतलेल्या कंपन्यांचाही वाटा होता, पण डब्यांची मागणी हे मुख्य कारण. दोन कन्सोलांत बुडालेल्या नावाची ही पुढची कथा. रूपर्ट नीव्ह यांचे २०२१च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये निधन झाले. डबीवरचे नाव त्यांनी दिलेले होते, डबी मात्र त्यांची नव्हती.

डबीबरोबर काय आले नाही

आता परत कोपरगावात येऊ. डबी आल्यामुळे काय झाले हे मी पाहिले आहे. ज्या काकडआरतीचा शब्द न् शब्द फक्त चार म्हाताऱ्यांना येत होता, ती आता त्यांच्याच आवाजात जपून ठेवता येते. उसाच्या फडावर गाणाऱ्या बाईंना मुंबईची खोली आणि तिचे भाडे लागत नाही. गावातली पोरे स्वतःची गाणी करतात, चांगली करतात, वाईटही करतात, आणि कोणाची परवानगी घेत नाहीत. हा फरक लहान नाही.

पण कन्सोलची एक पट्टी कापून आणली तेव्हा कन्सोलच्या भोवतालचे बरेच काही तिकडेच राहिले. पहिली गोष्ट म्हणजे खोली. डबी स्वच्छ आहे म्हणूनच पत्र्याचे छप्पर, पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धडधड सगळे स्वच्छ घेते. दुसरी गोष्ट म्हणजे कान. मुंबईच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई यांच्यासारखे ध्वनिमिश्रक होते. ‘शोले’चे ध्वनिमिश्रण त्यांचे. असा माणूस काचेपलीकडे बसलेला असे तेव्हा गाणाऱ्याला एक परका, जाणता श्रोता मिळे. तबला पेटीला झाकतो आहे, शब्दाचा शेवट खाल्ला जातो आहे, हे तो सांगे. वादकांचा ताफा एकत्र वाजवत असल्यामुळे एकाची चूक झाली की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावे लागे, आणि त्या धाकाने सगळे एकमेकांचे ऐकत. आज एकेक जण वेगळ्या दिवशी येऊन कानाला हेडफोन लावून आपला भाग देतो. भजनासारख्या गोष्टीत हे फार जाणवते. टाळ आणि गळा यांच्यात जे अर्ध्या क्षणाचे देणेघेणे असते ते एका वेळी एकाच खोलीत बसल्याशिवाय होत नाही. म्हणून माझ्या ओळखीच्या एका मंडळाने आता ठरवले आहे की डबीला दोनच मायक्रोफोन लावायचे, सगळ्यांनी गोल बसायचे आणि एका दमात गायचे. आवाज थोडा कमी सुटा येतो, पण भजन भजनासारखे येते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. कंपन्या वाढतात त्या नवे विकून. स्कार्लेटच्या २०१६, २०१९ आणि २०२३ साली नव्या पिढ्या आल्या. त्याआधी फोकसराइटच्याच ‘सफायर’ मालिकेतल्या बऱ्याच डब्या फायरवायर नावाच्या तारेवर चालत. संगणकांवरून ती खाचच गेली, तेव्हा धडधाकट यंत्रे अडगळीत पडली. प्रोग्रॅमचेही तेच. एकदा विकत घेऊन कायमचा वापरायचा प्रोग्रॅम मागे पडून वर्षाचे भाडे भरायची पद्धत वाढली आहे. भाडे थांबले किंवा आवृत्ती बदलली की जुने काम उघडेलच याची हमी नसते. आमच्या ओळखीच्या एका खोलीत सात-आठ वर्षांपूर्वी केलेल्या कामाच्या फाइली आहेत. त्या आता उघडत नाहीत, आणि त्यांत गायलेल्या आजोबा आता नाहीत. ग्रामोफोनची शंभर वर्षांपूर्वीची तबकडी आजही सुई लावली की बोलते. आठ वर्षांपूर्वीचे गाणे बोलत नाही.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. काम संपले की प्रत्येक वादकाचा आणि गायकाचा भाग साध्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये वेगळा काढून ठेवायचा, कारण ती कुठल्याही प्रोग्रॅमात उघडते. तिच्या सोबत एका कागदावर कोण गायले, कुठल्या गावचे, कोणत्या दिवशी, कोणाकडून शिकले हे लिहायचे. आणि सगळ्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवायच्या, त्यातली एक तरी गावाबाहेर, कारण गोदावरीला पूर येतो तेव्हा काठावरच्या घरांना निवडीची संधी देत नाही. एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने कपाटाचा एक कप्पा यासाठी दिला तर फारच उत्तम. हे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते तिचे कामही नाही. नीव्ह यांनी मिलिव्होल्ट वाढवायची उत्तम रीत शोधली, डडरिज यांनी ती कापून पेटीत घातली, पुढच्यांनी ती स्वस्त केली. ती आपल्या टेबलापर्यंत आली इथे त्यांचा इतिहास संपतो.

तालुक्यात जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या, वाघ्या-मुरळीचा जागर पूर्ण घालणाऱ्या, जुन्या चालीत अभंग म्हणणाऱ्या माणसांची मी एक यादी करायला घेतली आहे. ऐंशीच्या पुढची माणसे आधी, मग सत्तरीची. डबी आहे, मायक्रोफोन आहेत, पेटीवाला तयार आहे. यादीतली पहिली पाच नावे या दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न होऊन थंडी पडायच्या आत घ्यायची असे ठरले आहे. थंडीत म्हाताऱ्यांचे गळे बसतात.